फेस वाटीत की गालावर?

ब्रश गालावर घोळवून तिथेच फेस काढायचा, की आधी वाटीत फेस तयार करून मग तो चेहऱ्याला लावायचा? दाढी करणाऱ्यांमध्ये याबाबत ठाम मते असतात. ट्यूबमधली क्रीम ब्रशवर घेऊन थेट गालावर फिरवणारे बहुसंख्य. वाटी किंवा मग वापरणारे थोडे, पण आपल्या पद्धतीवर त्यांचा फार जीव. एकाच घरात वडील साबणाची गोल वडी आणि वाटी घेऊन खिडकीपाशी निवांत बसलेले आणि मुलगा बेसिनसमोर दोन मिनिटांत काम उरकून बाहेर पडलेला, असेही चित्र दिसते.

वाद किरकोळ वाटतो. मात्र दाढीनंतर उठणारे पुरळ, गळ्यावरच्या पुळ्या, आत वळलेले केस, जबड्याच्या कडेने पसरत जाणाऱ्या चामखिळी या तक्रारी कुठल्याही रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात नेहमीच्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच तक्रारींची सुरुवात ब्लेड त्वचेला लागण्याआधीच झालेली असते. फेसात पाणी किती होते, तो चेहऱ्यावर किती वेळ राहिला आणि ब्रश कोणाचा होता, या तीन प्रश्नांवर पुढचे सारे अवलंबून असते. वाटी की गाल, याचे उत्तरही त्यातूनच मिळते.

केसाला हवे पाणी आणि वेळ

दाढीचा केस डोक्यावरच्या केसापेक्षा जाड आणि राठ असतो. तो दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढतो. नखे ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाची बनतात, त्याचाच हा केस बनलेला असतो. कोरडा असताना तो कापायला चिवट असतो. त्यात पाणी मुरले की केराटिनच्या साखळ्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध सैल होतात, केस थोडा फुगतो, मऊ पडतो आणि कमी जोरात कापला जातो. मात्र हे क्षणात होत नाही. केस पुरेसा भिजायला दोन ते तीन मिनिटे लागतात. पाणी कोमट असेल तर काम लवकर होते.

केसावर त्वचेतून पाझरणाऱ्या तेलाचा पातळ थर असतो. तो पाण्याला आत शिरू देत नाही. साबण किंवा क्रीम हा थर दूर करते आणि पाण्याला वाट करून देते. म्हणजे केस मऊ करण्याचे खरे काम पाणी करते आणि साबण त्याला मदत करतो. पूर्वी धोकटी घेऊन दारोदार जाणारे नाभिक कारागीर वाटीतले साधे पाणी बोटांनी गालावर कितीतरी वेळ चोळत राहत. वस्तरा त्यानंतर निघे. साबण नसला तरी त्यांचे अडत नसे, ते यामुळेच.

न भिजलेल्या केसावर ब्लेड चालवले की माणूस नकळत हात दाबतो. त्याच जागी दोनदा-तीनदा ब्लेड फिरते. केसाबरोबर त्वचेचा वरचा थरही खरवडला जातो. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जखमा होतात, आग होते आणि जंतूंना आत शिरायला जागा मिळते. शस्त्रक्रियेआधी शरीरावरचे केस वस्तऱ्याने काढण्याची जुनी पद्धत याच कारणाने मागे पडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शस्त्रक्रियेपूर्वी केस काढू नयेत आणि काढावेच लागले तर क्लिपरने कापावेत; वस्तरा वापरू नये.

ब्लेडचीही झीज होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात यावर अभ्यास प्रसिद्ध केला. ब्लेडच्या पोलादापेक्षा केस सुमारे पन्नास पटींनी मऊ असतो. तरीही कापताना केस वाकतो, धारेला तिरका भिडतो आणि पोलादाची रचना जिथे एकसारखी नसते तिथे धारेचे सूक्ष्म टवके उडतात. अशी टवके उडालेली धार त्वचेवर ओढली जाते. ब्लेड खेचू लागले की बदलावे, हा साधा नियम त्यामुळे त्वचेच्या हिताचा आहे.

चांगला फेस कसा ओळखावा?

दाढीच्या साबणात मुख्यतः स्टिअरिक आम्लासारख्या स्निग्ध आम्लांचे पोटॅशियम आणि सोडियमचे क्षार असतात, जोडीला ग्लिसरीन. पोटॅशियमचा साबण मऊ असतो आणि पाण्यात लवकर विरघळतो. सोडियमचा साबण वडीला घट्टपणा देतो. ब्रश फिरवताना या मिश्रणात पाणी आणि हवा मिसळते आणि फेस होतो.

या फेसाची कामे तीन. केसाभोवती पाणी धरून ठेवणे, ब्लेड आणि त्वचा यांच्यात निसरडा थर तयार करणे आणि ब्लेड कुठून फिरले हे दाखवणे. यातले एकही काम हवा करत नाही. त्यामुळे फुगलेला, मोठ्या बुडबुड्यांचा, आरशात भरघोस दिसणारा फेस बऱ्याचदा कोरडा असतो आणि कमी उपयोगाचा ठरतो. चांगला फेस घोटलेल्या दह्यासारखा दिसतो: ओलसर, चकचकीत, सुटे बुडबुडे न दिसणारा. चिमटीत घेऊन बोटे एकमेकांवर सरकवली तर ती सहज निसटली पाहिजेत. गालावरचा फेस मिनिटभरात वाळून पापुद्र्यासारखा झाला, तर पाणी कमी पडले. तो हनुवटीवरून ओघळू लागला, तर पाणी जास्त झाले.

गालावर फेस काढण्याचे फायदे-तोटे

गालावर फेस काढण्याचा मोठा फायदा म्हणजे वेळ. दीड-दोन मिनिटे ब्रश फिरत राहतो, तेवढा वेळ केस भिजत राहतात. ब्रशाच्या टोकांनी आडवे पडलेले केस उचलले जातात, पाणी आणि साबण केसांच्या मुळाशी पोहोचतो आणि त्वचेवरच्या मृत पेशी थोड्या निघून जातात. राठ, दाट दाढी आणि निरोगी त्वचा असलेल्यांना ही पद्धत सोयीची आहे.

तोटा आहे तो घर्षणाचा. साबण मुळात अल्कधर्मी असतो, तर निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी. अशा साबणासह राठ केसांचा ब्रश जोरात गोल गोल फिरवला की संवेदनशील त्वचा ब्लेड लागण्याआधीच लाल होते. मुरुमे, पुळ्या किंवा इसब असेल तर ब्रशामुळे पुळ्या फुटतात आणि त्यातले जंतू शेजारच्या केसांच्या मुळांत पोहोचतात. चामखिळीचे विषाणूही असेच पसरतात. ब्रश आणि ब्लेड ज्या दिशेने फिरतात, त्या दिशेने बारीक चपट्या चामखिळींची रांग उठलेली डॉक्टरांना अनेकदा दिसते.

वाटीतल्या फेसाची बाजू

वाटीत फेस करताना पाण्याचे प्रमाण डोळ्यांसमोर असते. फेस कोरडा वाटला तर चार थेंब पाणी टाकता येते. घुसळण्याचे सारे काम वाटीत होते आणि चेहऱ्यावर फक्त हलक्या हाताने फेस पसरायचा राहतो. त्यामुळे मुरुमे, संवेदनशील त्वचा किंवा वारंवार आत वळणारे केस असलेल्यांना वाटी अधिक मानवते. कुरळ्या केसांच्या दाढीत कापलेले टोक वळून पुन्हा त्वचेत शिरते आणि तिथे कडक, दुखरी पुळी होते. अशांनी ब्रशाचे घर्षण कमी करावे आणि केसाच्या वाढीच्या दिशेनेच ब्लेड फिरवावे.

वाटीत एक फसगतही आहे. फेस तयार व्हायला दोन मिनिटे लागली, की दोन मिनिटांची तयारी झाली असे वाटते. पण तेवढा वेळ चेहरा कोरडाच असतो. वाटीतला सुरेख फेस गालावर लावून लगेच ब्लेड चालवले, तर केस न भिजताच कापले जातात. वाटी वापरणाऱ्याने म्हणूनच आधी चेहरा कोमट पाण्याने भिजवावा, मग फेस करायला घ्यावा आणि फेस लावल्यावरही एखादे मिनिट थांबावे.

अंघोळीनंतर दाढी करावी, असा सल्ला त्वचारोगतज्ज्ञ देतात, कारण तोवर केस चांगले भिजलेले असतात. आपल्याकडे मात्र दाढी आधी आणि अंघोळ नंतर, ही रीत घरोघरी पक्की आहे. ती मोडण्याची गरज नाही. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ पंचा दोन मिनिटे गालावर धरला की तोच परिणाम साधतो.

फेस होत नाही, तो पाण्यामुळे

बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या घरांत एक तक्रार हमखास असते: कितीही क्रीम घेतली तरी फेस धरत नाही. अशा जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. ते साबणाशी संयोग पावतात आणि न विरघळणारा पांढरट, चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला आणि नळाच्या तोंडाशी जमणाऱ्या थरात हाच साका मिसळलेला असतो. साबण क्षारांशी झगडण्यातच संपतो, फेस बसतो आणि उरलेला साका त्वचेवर राहून तिला कोरडी करतो.

इथे वाटी उपयोगी पडते. फेसापुरते पिण्याचे, गाळणयंत्रातले पाणी पाव वाटी पुरते. तेवढे वापरले तरी फरक जाणवतो. दाढीनंतर शेवटचा हातही त्याच पाण्याचा फिरवावा. गालावर फेस काढणाऱ्यांनी ब्रश आणि चेहरा याच पाण्याने भिजवावा.

ब्रशाने पसरलेला आजार

दाढीच्या ब्रशामुळे एकेकाळी माणसे दगावली आहेत. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून वाचवणारे मुखवटे चेहऱ्यावर घट्ट बसावेत, म्हणून सैनिकांना दाढी गुळगुळीत ठेवावी लागे. ब्रशांची मागणी वाढली आणि त्याच वेळी युद्धामुळे बॅजर या प्राण्याच्या केसांचा पुरवठा आटला. मग आशियातून आलेले घोड्याचे केस बॅजरच्या केसांसारखे दिसतील असे करून वापरले जाऊ लागले. हे केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्यांत अँथ्रॅक्सचे, म्हणजे आपल्याकडे गुराढोरांत काळपुळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रोगाचे, चिवट बीजाणू होते. नवा ब्रश ओल्या गालावर घासला जाई, ब्लेडने झालेल्या बारीक जखमांतून बीजाणू आत शिरत आणि काही दिवसांत चेहऱ्यावर किंवा मानेवर काळ्या खपलीचा फोड येई. १९१५ ते १९२४ या काळात अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अशा दोनशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात त्यांतले काही जण वाचले नाहीत.

आज ब्रशासाठी कृत्रिम तंतू किंवा प्रक्रिया केलेले केस वापरतात. तो धोका जवळपास संपला आहे. ब्रशाचे वागणे मात्र बदललेले नाही. दाट केसांत ओलावा टिकतो, साबण आणि मृत पेशी अडकतात, जंतू राहतात आणि जिथे त्वचेला जखम होणार तिथेच तो घासला जातो. घरच्या ब्रशाचा वापर एकाच व्यक्तीपुरता असतो, म्हणून सहसा काही होत नाही. सलूनमध्ये परिस्थिती वेगळी असते.

ब्लेड नवे, ब्रश जुना

एचआयव्हीविषयीच्या जनजागृतीमुळे गेल्या काही दशकांत सलूनमध्ये एक चांगली सवय रुजली. खुर्चीवर बसताच गिऱ्हाईक म्हणते, “दादा, नवे ब्लेड लावा,” आणि कारागीरही समोरच पाकीट फोडून दाखवतो. मात्र तोच ब्रश, तीच वाटी, तोच नॅपकिन आणि शेवटी तीच तुरटी सकाळपासून पंधरा-वीस चेहऱ्यांवर फिरलेली असू शकते, याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

यातला धोका वस्तूगणिक वेगळा आहे. ब्रशामुळे प्रामुख्याने त्वचेचे संसर्ग पसरतात: स्टॅफिलोकॉकस जिवाणूमुळे होणाऱ्या पुळ्या आणि केसतोड, दाढीतला गजकर्ण, चामखिळी. तुरटीचा धोका आणखी वेगळा. पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमच्या या क्षारामुळे त्वचा आकसते आणि बारीक रक्तस्राव थांबतो, म्हणूनच ती नेमकी कापलेल्या जागी घासली जाते. म्हणजे एकाच्या जखमेवरून ती दुसऱ्याच्या जखमेवर जाते. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस तग धरू शकतो. एचआयव्हीचा विषाणू बाहेर फार काळ टिकत नाही, पण हिपॅटायटिस बीबाबत तसे म्हणता येत नाही. या आजारावर लस उपलब्ध आहे. रोज अनेकांच्या दाढ्या करणाऱ्या कारागिरांनी ती स्वतःसाठी अवश्य घ्यावी, कारण कापण्याचा धोका त्यांच्या बोटांनाही असतो.

सलूनमध्ये वाटी वापरली म्हणून स्वच्छता आपोआप येत नाही. गालावरून ब्रश पुन्हा वाटीत बुडाला की वाटीतला फेसही आधीच्या गिऱ्हाइकाचा झाला. ट्यूबचे तोंड वापरलेल्या ब्रशाला टेकवून क्रीम घेतली, तरी तेच. उपाय महागडे नाहीत. कृत्रिम तंतूंचे चार-सहा ब्रश ठेवावेत, प्रत्येक गिऱ्हाइकानंतर ब्रश आणि वाटी साबणाने धुऊन मग जंतुनाशकात ठेवावी. आधी धुणे आवश्यक असते, कारण साबण आणि केस चिकटलेल्या वस्तूवर जंतुनाशक नीट काम करत नाही. तुरटीच्या वडीऐवजी तिची पूड कापसावर घेऊन लावावी आणि कापूस टाकून द्यावा. नेहमी सलूनमध्ये दाढी करणाऱ्याने स्वतःचा ब्रश सोबत नेला तर उत्तमच. नाही तर धुतलेला ब्रश मागावा किंवा डब्यातला तयार फेस हाताने लावायला सांगावे.

घरी एवढे पाळावे

ब्रश, ब्लेड आणि तुरटी प्रत्येकाची वेगळी असावी. वडील-मुलगा, भाऊ-भाऊ किंवा वसतिगृहातले मित्र यांनीही त्यांची अदलाबदल करू नये. दाढी झाल्यावर ब्रश वाहत्या पाण्याखाली, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावा, झटकावा आणि केस खाली येतील असा टांगावा किंवा हवेशीर जागी ठेवावा. ओला ब्रश प्लास्टिकच्या डबीत बंद करून ठेवू नये. वाटी वापरत असाल तर उरलेला फेस उद्यासाठी तसाच ठेवू नये.

गाल असो वा वाटी, चेहरा भिजवण्यापासून ब्लेड लावण्यापर्यंत किमान तीन मिनिटे द्यावीत. दाब न देता केसाच्या दिशेने ब्लेड फिरवावे. पुन्हा फिरवायचे असेल तर पुन्हा फेस लावावा. नंतर गार पाणी आणि साधे, सुगंध नसलेले मॉइश्चरायझर पुरते. चुरचुरणारे आफ्टरशेव्ह म्हणजे स्वच्छता, हा गैरसमज आहे. त्यातले अल्कोहोल खरवडलेल्या त्वचेला आणखी कोरडे करते. चेहऱ्यावर पुळ्या उठल्या असतील तर काही दिवस दाढीच करू नये, किंवा ट्रिमरने केस थोडे लांब ठेवून कापावेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी इलेक्ट्रिक शेव्हर अधिक सुरक्षित आहे.

दाढीच्या पुरळावर औषधाच्या दुकानातून सांगोवांगी आणलेले मलम लावण्याची सवय मात्र घातक आहे. अशा अनेक मलमांत बुरशीनाशक आणि प्रतिजैविकाबरोबर तीव्र स्टिरॉइड असते. दोन दिवसांत लाली आणि खाज कमी होते, म्हणून मलम चालू राहते. आत गजकर्ण असेल तर तो दबून पसरत जातो आणि ओळखायला कठीण होतो. महिनोन्‌महिने लावल्यास चेहऱ्याची त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मलम बंद करताच आग भडकते.

पुळ्यांत पू होत असेल, गोलाकार खाजरे चट्टे पसरत असतील, चामखिळी वाढत असतील किंवा फोड दोन आठवड्यांत बरा होत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. नाक आणि वरच्या ओठाभोवतीचा फोड कधीही पिळू नये. या भागातल्या रक्तवाहिन्या डोळ्यांमागून मेंदूलगतच्या शिरांशी जोडलेल्या असतात. तिथे सूज वाढली, ताप आला किंवा डोळा सुजला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेह असलेल्यांनी चेहऱ्यावरचा कुठलाही पू झालेला फोड अंगावर काढू नये.

त्वचा निरोगी आणि दाढी राठ असेल तर फेस गालावर काढावा; त्वचा नाजूक, मुरुमांची किंवा पाणी जड असेल तर वाटी घ्यावी. दोन्हींत केस पुरेसे भिजले पाहिजेत आणि ब्रश आपलाच हवा. सलूनमध्ये नवे ब्लेड मागायला आता कोणाला संकोच वाटत नाही. त्याच सहजतेने “दादा, ब्रश धुतलेला घ्या,” असेही म्हणता आले पाहिजे.